बीएसए लाइट पॅटर्न: शोध, खरेदी, दुरुस्ती (इंदूरच्या प्रकल्प नोंदी)

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

रामबागेत मावशीच्या दिरांकडे, म्हणजे काकांकडे, सोनं द्यायला गेले. देवघरासमोर पाटावर शस्त्रपूजा मांडली होती. दोन तलवारी, विळी, काकांच्या वर्कशॉपमधला मोठा पाना, आणि मागे भिंतीला टेकवलेली एक एअर रायफल. आपल्या मराठी घरांत खंडेनवमी-दसऱ्याला माळ्यावरून जे खाली येतं, ते एरवी वर्षभर कुणाच्या नजरेस पडत नाही. जुन्या एअरगन शोधणाऱ्याने या दिवसांत घरी बसू नये.

लांबूनच दिसलं ते असं: नळी मोडून भरायची बंदूक नाही. नळी पक्की, तिच्या खाली समांतर दांडी, म्हणजे अंडरलिव्हर. छर्रा भरायच्या जागी फिरणारा टॅप, म्हणजे भोक असलेली तोटी, आणि त्याची छोटी किल्ली. सिलिंडरवर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुकांची मुद्रा. ही मुद्रा बीएसए म्हणजे इंग्लंडच्या बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनीची, तिथे शंका नको.

हळद-कुंकवाची ओली बोटं नेमकी अक्षरांच्या ओळीवर उमटलेली. काकूंना विचारलं, "कोरड्या फडक्यानं एवढं पुसू का?" त्या म्हणाल्या, "उद्या पूजा हलवली की पूस हवं तेवढं. आत्ता हात नको लावूस." बरोबरच आहे. पण ओलं कुंकू रात्रभर लोखंडावर राहणार म्हणून मला झोप लागायची नाही.

१३ ऑक्टोबर

सकाळी काकूंनी अक्षता टाकून पूजा हलवली आणि मी फडकं घेऊन बसले. कुंकवाखाली नारिंगी ठिपके आहेतच, आणि ते कालचे नाहीत. दरवर्षी त्याच जागी बोट टेकत आलंय आणि ओल धरून ठेवणाऱ्या त्या थराखाली धातू हळूहळू खाल्ला गेलाय. बाकी सिलिंडरवर मूळ ब्लूइंग, म्हणजे पोलादावर चढवलेला निळसर काळा थर, चांगलंच शाबूत दिसतं. नळीच्या तोंडाकडे आणि जिथे हात धरतो तिथे ते तपकिरी झालंय, जसं व्हायला हवं तसंच.

काकांना वाटतं ती त्यांच्या वडिलांनी महूच्या छावणीतल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याकडून घेतली. कागद काही नाही. महू इथून जेमतेम २३ किलोमीटर. होळकर आणि इंग्रजांमधल्या १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर इंग्रज अधिकारी जॉन माल्कमने वसवलेली छावणी. साहेब लोक मायदेशी परतताना सामान विकून जात, आणि त्यातलं बरंच इंदूरच्या घरांत आलं. गोष्ट पटण्यासारखी आहे, म्हणून माझ्या वहीत ती "घरात सांगतात" या रकान्यात लिहिली. "माहीत आहे" हा रकाना वेगळा आहे आणि तो मी सांभाळून भरते.

२० ऑक्टोबर

व्हर्नियर आणि पिन गेज ही मापायची साधनं आणि छर्ऱ्यांची डबी घेऊन पुन्हा काकांकडे.

माझा क्रम ठरलेला आहे: आधी बोअर (नळीच्या आतला व्यास), मग नंबर (बंदुकीचा अनुक्रमांक), मग झिलई, आणि सगळ्यात शेवटी चालते की नाही. नवे लोक उलट्या बाजूने सुरू करतात. दांडी ओढून "फट्" आवाज आला की पैसे काढतात. न चालणारी बंदूक चालती करता येते. बाकीच्या तीन गोष्टी मात्र जशा आहेत तशाच घ्याव्या लागतात.

बोअर आधी का, तर कायद्यामुळे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंतचं बोअर आणि २० जूलपर्यंतची ऊर्जा असेल तर एअर रायफलला परवाना लागत नाही. त्यापुढे लागतो. जुन्या इंग्रजी एअर रायफलींत ०.२२ बोअर सर्रास सापडतो, आणि घरच्यांना ती "खेळण्यातली" वाटते. म्हणून हे मापल्याशिवाय मी किमतीचा विषयही काढत नाही.

बीएसए बोअरना नंबर देत असे: १ म्हणजे ०.१७७, २ म्हणजे ०.२२, ३ म्हणजे ०.२५. इथे शिक्का १ नंबरचा आहे. तरी शिक्क्यावर थांबले नाही. टॅप उभा करून ४.५ चा छर्रा तोंड खाली करून सोडला, तो भोकात नीट बसला. नळीच्या तोंडाशी गेजही तेच सांगतो. पहिली पायरी पार.

आता नंबर. सुरुवातीला एल अक्षर, म्हणजे लाइट पॅटर्न, पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातला. एकूण लांबी साधारण ३९ इंच, तीही जुळते. मोठी स्टँडर्ड रायफल हिच्याहून चांगलीच लांब दिसते. हे मॉडेल हलक्या अंगाच्या माणसांसाठी आणि मुलांसाठी होतं.

हिची वंशावळ लिहून ठेवते, कारण काकांच्या नातवानं विचारली. लिंकन जेफ्रीज हा बर्मिंगहॅमचा बंदूक कारागीर. त्याने १९०४ मध्ये पक्क्या नळीच्या, खालून दांडी ओढायच्या एअर रायफलचं पेटंट घेतलं. त्याआधी बहुतेक एअर रायफलींची नळी मोडायची, आणि सांधा ढिला झाला की नेम गेला. जेफ्रीजच्या रायफलीत नळी आणि सिलिंडर एकमेकांपासून हलतच नाहीत. १९०५ पासून बीएसए ती बनवू लागली. इंग्लंडमधल्या बेल टार्गेटच्या खेळाला तिने जोर दिला. दारूच्या गुत्त्यांत सहा यार्डांवर लोखंडी पाटी, मधे ३/८ इंचाचं भोक, छर्रा आत गेला की मागची घंटा वाजते. एवढ्याशा भोकात पुन्हा पुन्हा छर्रा घालायचा तर न हलणारी नळीच हवी.

काकांनी किंमत विचारली. मी म्हटलं, विचार करून सांगते, तुम्हीही करा, आणि नको वाटलं तर विकू नका.

९ नोव्हेंबर

मधेच एक वेगळं प्रकरण. जुन्या बाजारातल्या एका विक्रेत्याचा निरोप आला: "डायना २७, लढाईच्या आधीची, एकदम दुर्मीळ." पाहायला गेले.

डायना म्हणजे मूळ जर्मनीतल्या राश्टाटच्या मायर आणि ग्रामेल्सपाखर यांचा कारखाना, १८९० चा. २७ नंबरचं मॉडेल युद्धाआधीही होतं हे खरं. पण हातात घेतली तर नळीजवळ लिहिलेलं: मेड इन ग्रेट ब्रिटन. विषय तिथेच संपला. दुसऱ्या महायुद्धानंतर डायनाची यंत्रं आणि नाव ब्रिटनमध्ये गेलं आणि स्कॉटलंडच्या मदरवेलमध्ये मिलब्रो कंपनी त्याच नावाने एअर रायफली बनवू लागली. जर्मन कारखाना पुन्हा उभा राहिला तेव्हा ब्रिटनमध्ये त्याला आपलाच माल 'ओरिजिनल' नावाने विकावा लागला. म्हणजे डायना आणि ग्रेट ब्रिटन ही दोन नावं एका नळीवर असतील तर ती युद्धानंतरचीच.

मिलब्रो वाईट नाही. साध्या भावात मी ती आनंदाने घेतली असती. पण सांगितलेला भाव युद्धाआधीच्या जर्मन रायफलीचा होता, आणि वर तिला कुणीतरी बफ मारून आरशासारखी काळी केली होती. अक्षरांच्या कडा गोल झालेल्या, स्क्रूंच्या खाचा फाटलेल्या. विक्रेत्याला शांतपणे सांगितलं. त्याने ऐकलंही, पण भाव सोडला नाही. ठीक आहे.

१७ नोव्हेंबर

काकांशी व्यवहार ठरला. आकडा वहीत आहे, इथे लिहीत नाही, कारण लिहिलेला आकडा पुढच्या विकणाऱ्याचा भाव होऊन बसतो. कशावर ठरला ते लिहिते. वर जाणाऱ्या गोष्टी: मूळ ब्लूइंग, नंबर आणि शिक्के स्वच्छ वाचता येतात, अक्रोडाचा दस्ता तडकलेला नाही, नेम धरायची पुढची माशी मूळची. खाली नेणाऱ्या गोष्टी: कुंकवाखालचे खड्डे, मागच्या साइटचा एक स्क्रू भलताच, आणि दाब जवळजवळ नाही.

परवाना लागत नसला तरी लेखी पावती करतेच. त्यात बनावट, नंबर, बोअर, दोघांची ओळखपत्रं, तारीख आणि बंदुकीचे फोटो. उद्या मी नसले तर माझ्या घरच्यांना हा कागद हवा.

२४ नोव्हेंबर

उघडण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो. प्रत्येक स्क्रूची खाच कुठल्या दिशेला थांबलीय तेही टिपलं.

जुन्या इंग्रजी स्क्रूंच्या खाचा अरुंद आणि सरळ कडांच्या असतात. बाजारातला पाचरीसारखा स्क्रू ड्रायव्हर त्यात तळापर्यंत पोचत नाही, जोर लावला की कडा उचलतो. म्हणून पोलोग्राउंड भागातल्या खरादी (लेथवर काम करणाऱ्या) उस्तादांकडून दोन ड्रायव्हर घासून घेतलेत, पात्याच्या दोन्ही बाजू समांतर. स्क्रू हलेना तेव्हा आत शिरणारं तेल सोडून रात्रभर थांबायचं. ठोकायचं नाही.

मागचा ब्लॉक काढताना स्प्रिंग दाबलेली असते. लांब क्लॅम्पमध्ये धरल्याशिवाय हे काम कुणी करू नये. सुटलेली स्प्रिंग तोंड फोडू शकते.

आत काय निघालं: वाळून डांबर झालेलं ग्रीस. पिस्टनच्या तोंडाशी चामड्याची वाटी, म्हणजे आपल्या सायकलच्या पंपात असतो तसाच वायसर, फक्त जाड. ती खापरासारखी कडक झाली होती. आणि तिच्या मागे कुणीतरी ट्यूबचं रबर गोल कापून ठासलेलं. त्या माणसाने हाताशी होतं त्यात बंदूक चालू ठेवली, आणि कुठेही कानस लावली नाही. त्याचे आभार. रबराचा तुकडा पाकिटात घालून नोंदीबरोबर ठेवलाय.

स्प्रिंग थोडी वाकलीय पण मूळची दिसते. तीच परत बसवायची.

१ डिसेंबर

चामड्याचा शोध. ही वाटी जुन्या एअर रायफलीचं काळीज आहे. पिस्टन सुटला की पुढची हवा वाटीच्या काठांना बाहेर ढकलते, काठ सिलिंडरला चिकटतात आणि हवा मागे गळत नाही. चामडं वाळलं की काठ फुलत नाहीत आणि हवा निसटते. सिंथेटिक सील चांगले असतात हे मान्य, पण इथे मूळ जे होतं तेच घालायचं.

इंदूरची चामड्याची खेळणी प्रसिद्ध, त्यांना भौगोलिक मानांकनही आहे. म्हणून आधी एका खेळणीवाल्या कारागिराकडे गेले. त्याने जुनी वाटी बोटांत फिरवली, नखाने काठ दाबला, वास घेतला. म्हणाला, "ताई, आमच्याकडे बकऱ्याचं पातळ चामडं. घोड्याच्या अंगावर ते ताणून बसवायला छान, पण हे दाब झेलायचं काम आहे. इथे म्हशीचं नाहीतर बैलाचं, सालीत कमावलेलं पाहिजे." क्रोमवर कमावलेलं का चालणार नाही तेही त्याने दाखवलं. एक तुकडा पाण्यात भिजवून अंगठ्याने दाबला, सोडल्यावर तो हळूहळू परत सपाट झाला. बाभळीच्या सालीत कमावलेला तुकडा मात्र अंगठ्याचा खड्डा धरून राहिला. वाटी हवी तर आकार धरणारं चामडं हवं. पाच मिनिटांत इतकं शिकवून त्याने पैसे घेतले नाहीत. एक चामड्याचा गेंडा विकत घेतला.

त्यानेच महूतल्या एका खोगीरवाल्याचा पत्ता दिला.

१५ डिसेंबर

खोगीरवाल्याकडून साधारण ३ मिलिमीटर जाडीचा तुकडा मिळाला. उस्तादांनी पितळी साचा खराद केला: एक कडं, आतल्या व्यासाला सिलिंडरच्या मापाचं, आणि त्यात उतरणारा गोळा, दोन्ही बाजूंनी चामड्याच्या जाडीइतका लहान. मापं मी ड्रॉइंगवर दिली होती. उस्तादांनी ड्रॉइंग बाजूला ठेवून स्वतः सिलिंडर मापला, मग माझ्या आकड्यावर टिक केली. अशी माणसं कामाला मिळाली की आणखी काही नको.

चामडं कोमट पाण्यात भिजवून साच्यात दाबलं, नटाने आवळलं, दोन दिवस सावलीत. उन्हात ठेवलं तर चिरा जातात. काढल्यावर काठ धारदार पात्याने एका पातळीत कापला. आता तेलात मुरतंय. गुरांच्या नडग्यांच्या हाडांपासून आणि पायांपासून काढतात ते नीट्सफूट तेल वापरलं. खनिज तेल पिस्टनच्या पुढे नको. दाबाने हवा तापते, तेलाची वाफ पेटते, धूर येतो, धक्का बसतो आणि स्प्रिंगचं आयुष्य कमी होतं.

५ जानेवारी २०२५

आता गंज. सगळ्यात जास्त वेळ मी या कामाला दिला आणि सगळ्यात कमी धातू काढला.

पॉलिशवाल्याचं म्हणणं होतं, "दीदी, ॲसिड में डालके बफ मार देता हूँ, नई जैसी।" त्याचं काम तो चोख करतो. पण नव्यासारखी मला नकोच. बफाने खड्डे जायचे तर आजूबाजूचा धातू त्या पातळीपर्यंत खाली आणावा लागतो, आणि त्याबरोबर कारखान्याच्या शिक्क्यांच्या कडा जातात, पेटंटची बारीक ओळ जाते, सिलिंडरवरच्या सरळ रेषा लाटांसारख्या होतात. मूळ ब्लूइंग अर्धं राहिलेली रायफल आणि पूर्ण नवं ब्लूइंग केलेली रायफल यांत संग्राहक पहिली घेतो. कारण तिच्यावर अजून वाचायला काहीतरी शिल्लक असतं.

मग केलं ते असं. सगळा धातू तेल लावून मऊ कापडाने पुसला. गंजाच्या ठिपक्यांवर तेल आणि सगळ्यात बारीक, चार शून्यांची स्टील वूल, बोटाच्या टोकाने, भिंगाखाली बघत. काळा रंग उतरतोय असं वाटलं की थांबायचं. कुंकवाखालच्या भागात लाल गंज खोलवर होता. तिथे खरवडण्याऐवजी सिलिंडरचा तेवढा भाग तेल काढून उकळत्या डिस्टिल्ड पाण्यावर वाफवला. लाल ऑक्साइडचं काळं मॅग्नेटाइट होतं. जुन्या बंदुकांचं रस्ट ब्लूइंग याच तत्त्वावर होई. ठिपके काळे झाले, वर सुटी पूड होती ती पुसून घेतली. खड्डे आहेत तिथेच आहेत, पण आता वाढणार नाहीत. वरून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात.

दस्त्याला फक्त ओलसर कापड आणि मग मेण. ग्रिपवरच्या चेकरिंगमधला (हात घसरू नये म्हणून कोरलेल्या जाळीतला) मळ दात घासायच्या जुन्या ब्रशने. वॉर्निश नाही.

१९ जानेवारी

जोडणी. स्क्रू ज्या खाचेत थांबले होते तिथेच परत थांबले, म्हणजे स्क्रूंचे आटे जसेच्या तसे आहेत. टॅप निमुळता असतो, आपल्या बैठकीत घट्ट बसतो. तो घासायच्या फंदात पडले नाही, फक्त साफ करून तेलाचा थेंब दिला. इथे गळती झाली तर नवी वाटीही काही करू शकत नाही.

गच्चीवरच्या लांब खोलीत, मागे छर्रे अडवायची पेटी, दार बंद, डोळ्यांना चष्मा. ०.५१ ग्रॅमचे मऊ शिशाचे छर्रे. उघडण्याआधी वेग सेकंदाला ९५ मीटरच्या आसपास होता, म्हणजे सव्वादोन-अडीच जूल. आज सुरुवातीचे काही बार जास्तीचं तेल जाळण्यात गेले. मग १५४ ते १६१, सरासरी १५८. म्हणजे ६.४ जूल. हाच छर्रा २० जूलला पोचायला सेकंदाला २८० मीटर लागेल. ही रायफल त्या मर्यादेच्या गावालाही जात नाही आणि जाऊही नये. स्प्रिंग बदलून वेग वाढवता येईल असं सुचवणारे भेटतात. त्यांना माझं एकच उत्तर असतं: नवी घ्या.

सहा यार्डांवर कागद लावला. छर्रे एकमेकांत मिसळले. आवाज मऊ, धक्का जवळजवळ नाही. काकांच्या नातवाने आणि मी आलटून पालटून संध्याकाळ घालवली.

२ फेब्रुवारी

बातमी पसरते. राजेंद्रनगरातल्या एका काकूंचा फोन आला: "आमच्या ह्यांची बीएसए आहे. तू घेतेस म्हणे."

कपाटातून निघाली बीएसए एअरस्पोर्टर, पहिल्या काळातली. मी बराच वेळ नुसती पाहत राहिले. १९४८ मध्ये आलेलं हे मॉडेल रॉजर वॅक्रोचं. दांडी नळीखाली उघडी न ठेवता त्याने ती दस्त्याच्या लाकडात लपवली, आणि दांडी ओढली की टॅप आपोआप उघडतो. रेषा इतकी सलग की पहिल्यांदा पाहणाऱ्याला कुठून भरायची ते कळत नाही. झिलई उत्तम, दस्ता उत्तम.

बोअर ०.२२.

यजमान गेले त्याला काही वर्षं झाली. परवाना त्यांच्या नावावर होता, पुढे कुणी काही केलं नाही. काकूंना यात गुन्हा असेल अशी कल्पनाही नव्हती, आणि त्या घाबरल्या. त्यांना सांगितलं: घाबरू नका, पण आज-उद्याच करा. शस्त्र कायद्याच्या कलम २१ मध्ये अशीच सोय आहे. बाळगण्याचा अधिकार संपला की शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. मग वारसांपैकी कुणाला परवाना काढायचा तर अर्ज करता येतो, नाहीतर परवानाधारकाला विकता येतं. त्यांच्या मुलाला यजमानांचा जुना परवाना, मृत्यूचा दाखला आणि बंदुकीचा नंबर एका फाइलमध्ये लावून दिलं. बंदूक मी नेली नाही, दुसऱ्या खोलीतही हलवली नाही.

नळी बदलून ०.१७७ करून घे, असं एकाने सुचवलं. त्यासाठी मूळ नळी फेकायची, टॅप बदलायचा, आणि कागदावर जी एक बंदूक आहे ती दुसरीच करायची. कायद्याने ते मला करता येणार नाही, आणि येत असतं तरी एअरस्पोर्टरला मी हात लावला नसता.

१६ फेब्रुवारी

काकूंच्या मुलाचा फोन: बंदूक विक्रेत्याकडे जमा झाली, पावती मिळाली. तो स्वतः परवान्यासाठी अर्ज करणार आहे. मला हे विकत घेण्याइतकंच बरं वाटलं.

२३ फेब्रुवारी

लाइट पॅटर्नची नोंद वहीत पूर्ण: फोटो, मापं, ड्रॉइंग, वेगाचे आकडे, बदललेला एकच भाग म्हणजे चामड्याची वाटी, जुनी वाटी पाकिटात. मागच्या साइटचा भलता स्क्रू तसाच आहे. उस्तादांना नमुना दिलाय, पण आटे इंग्रजी मापाचे, त्यासाठी टॅप-डाय (आटे पाडायची हत्यारं) शोधावे लागतील. घाई नाही.

ठेवताना: चामड्याची किंवा फोमची पिशवी नाही, दोन्ही ओल धरतात. उभी, सुती कापडात, कपाटात सिलिका जेल. जूनपासून दर पंधरा दिवसांनी जेल तव्यावर गरम करायचं.

देवासहून एकाने वेबली मार्क ३ चा फोटो पाठवलाय. १९४७ पासूनचं मॉडेल, हीसुद्धा अंडरलिव्हर आणि टॅपची. ०.१७७ आणि ०.२२ दोन्हींत निघत असे, आणि फोटोत बोअर दिसत नाही. त्याला लिहिलंय: टॅप उघडून एक फोटो, नळीच्या तोंडाशी मोजपट्टी धरून एक, आणि नंबरचा एक. ते आल्याशिवाय भावाचं बोलायचं नाही.